फुकटची मिनिटं

राबिघ,
शुक्रवार, दुपार

प्रिय गुणाजी,

पाकीट बघून दचकला असशील, म्हणून आधी सांगतो की सगळे खुशाल आहेत. मासूमा बरी आहे, लाइबा बरी आहे, माझी नोकरी शाबूत आहे आणि इथे राहायचा इकामाही नुकताच नवा होऊन आलाय. हल्ली घरी पत्र आलं की लोकांना वाटतं, एकतर बँकेची नोटीस असणार, नाहीतर काहीतरी वाईट. यात दोन्ही नाही. आपल्या प्लँटवरचा शारीक सुट्टीवर निघालाय. त्याचं घर जयगडला, गाडी नेवऱ्यावरूनच जाणार, तेव्हा हे तुझ्याच हातात देईन म्हणालाय. चहा दिल्याशिवाय त्याला सोडू नकोस, माणूस लाजरा आहे, नको नको करेल. शाळा सुटल्यापासून मी मराठीत सलग एवढं कधी लिहिलं नव्हतं. बोटं आखडलीत, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, तू सांभाळून घे. मासूमाने मघाशी येऊन विचारलं, "एवढं काय लिहिताय, वकिलाला का?" म्हटलं, "गुणाजीला." तर हसली नाही. "मग सावकाश लिहा," म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

इकडची मोठी बातमी म्हणजे घरात फोन आलाय. मोबाईल नव्हे, भिंतीतून वायर आलेला, रिसीव्हर उचलून कानाला लावायचा तसा खरा फोन. आमची गल्ली तुला माहीत नाही. तू गावी परतल्यानंतर मासूमा आणि लाइबा इकडे आल्या आणि मी कंपनीचा कॅम्प सोडून समुद्राच्या बाजूला दोन खोल्या घेतल्या. थंडीत ही गल्ली खणून इंटरनेटची केबल टाकली. लाइबाचं बारावीचं वर्ष, तिचे निम्मे क्लास कॉम्प्युटरवर. मोबाईलच्या इंटरनेटवर सरांचा चेहरा मधेच थिजायचा आणि ही "अब्बा, इट्स स्टक अगेन" म्हणत घरभर फिरायची. म्हणून जोडणी घ्यायला गेलो, तर दुकानातल्या पोरांनी सांगितलं की इंटरनेटबरोबर घरचा फोन येतोच. प्रश्न एवढाच, की पॅकेज कुठलं घ्यायचं.

आता हसू नकोस, पण त्या पॅकेजांवर आमच्या घरात आठवडाभर चर्चा चालली. सगळ्यात स्वस्त जे होतं, त्यात घरच्या फोनवरून दुसऱ्या घरच्या फोनला कितीही बोला, फुकट. आमच्या ओळखीत घरी फोन असलेला कोण? एकही नाही. मधल्यात इथले मोबाईल धरले होते. सगळ्यात महागात दर महिन्याला इंडियाची मिनिटं होती, भरपूर. मी तिन्ही पॅकेजांचे कागद जेवणाच्या टेबलावर पसरून बसलो होतो. मासूमा भाजी निवडत होती. तिने एकच विचारलं, "यात ९२०० येतं का?"

तू होतास तेव्हा या नंबरांचा एवढा सुळसुळाट नव्हता. आता दवाखाना, गॅसवाला, विमा, शाळेची बस, कुणाचाही नंबर विचार, तो ९२०० ने सुरू होतो. हा नंबर कुठल्याच गावाचा नाही. ०१२ लावलं की आपलं राबिघ-जिद्दा-मक्का, ०११ लावलं की रियाध, एवढं आपल्याला ठाऊक. ९२०० अख्ख्या मुलुखाचा मिळून एक. उचलणारा माणूस कुठे बसलाय ते अल्लाला ठाऊक, आणि मिनिटामिनिटाचे पैसे मात्र लावणाऱ्याच्या खिशातून जातात. ८०० ने सुरू होणारे फुकट असतात, पण माझा अनुभव असा की ज्याला आपल्याला काही विकायचं असतं तो ८०० ठेवतो आणि ज्याला आपली तक्रार ऐकायची असते तो ९२००. दुकानात एक हैदराबादचा पोरगा आहे, त्याला मासूमाचा प्रश्न विचारला. तो म्हणाला, "चाचा, फ्री मिनट उसमें नहीं चलता. किसी भी पॅकेज में नहीं. वो खाता ही अलग है."

मासूमाने हे विचारलं त्याला कारण होतं. तिचा गुडघा दुखतो, त्यासाठी दवाखान्याची वेळ घ्यायची होती. मोबाईलवरून नंबर लावला. आधी अरबी, मग इंग्रजी, मग याच्यासाठी हे बटण दाबा आणि त्याच्यासाठी ते. ते एवढं भरभर, की मी लाइबाला बोलावलं आणि तिने बटणं दाबली. मग सुरू झाली वाजंत्री. एकच धून, संपली की पुन्हा तीच. त्या धुनेतच माझा बॅलन्स संपला आणि फोन गप्प झाला. मासूमा म्हणाली, "वाजवणार ते, ऐकणार आपण, आणि पैसेही आपणच द्यायचे, हे बरं आहे." दुसऱ्या दिवशी तिने काय केलं, मागच्या खेपेची औषधाची पिशवी शोधून काढली. तिच्यावर खाली बारीक अक्षरात ०१२ चा साधा नंबर छापलेला होता. तो लावला तर दोन रिंगमध्ये एका बाईने उचलला, त्याच दवाखान्याच्या टेबलावर बसलेल्या बाईने. वेळ मिळाली. तेव्हापासून मासूमाचं म्हणणं असं, की अशा प्रत्येक बिनगावाच्या नंबराच्या मागे कुठल्या तरी खोलीत एक साधा फोन असतोच, तो शोधायचा. बायको माझी शहाणी आहे. हे तू मला आधीपासून सांगत आलायस.

शेवटी मी महागातलं पॅकेज घेतलं, इंडियावालं. मासूमा म्हणाली, इंडियाला व्हॉट्सॲप आहे की. आहे, पण इथे मेसेज जातात, फोन कधी लागतो, कधी नाही, आणि लागला तरी आवाज पाण्यात बोलल्यासारखा येतो. लाइबा तर खूशच झाली, तिला वाटलं तिच्या मैत्रिणींसाठी घेतलं. पण खरं सांगू, ते मी तुझ्यासाठी घेतलं. म्हटलं, शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली, जेवण झालं, की रिसीव्हर उचलायचा आणि नेवऱ्याला गुणाजीशी गप्पा मारायच्या. मिनिटं फुकट आहेत. कोणी मधे येऊन "तुमच्याकडे एक मिनिट शिल्लक आहे" असं सांगणार नाही.

ती फोनची कार्डं आठवतात तुला? कॅम्पच्या गेटबाहेर त्या यमनी दुकानदाराच्या केबिनी, आणि शुक्रवारी आपली रांग. नखाने कार्ड खरवडायचं, तो लांबलचक आकडा दाबायचा, एक आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. तुझा आवाज मुळातच मोठा. केबिनचं दार लावूनही सगळ्या रांगेला कळायचं की सखू वहिनींनी म्हैस घेतली, स्वप्नालीला दात आले, विहिरीला पाणी कमी आहे. तू मला एक शिकवलं होतंस. फोन कापला जाण्याआधी आपणच ठेवायचा, म्हणजे घरच्यांना वाटत नाही की आपल्याला कोणी ओढून नेलं. मी अजून तसंच करतो. आणि त्या वर्षी गणपतीत तुझी सुट्टी रद्द झाली, दुरुस्तीसाठी प्लँटचा शटडाऊन होता म्हणून. तू केबिनमध्ये गेलास आणि बोललास काहीच नाहीस. मी बाहेरून बघत होतो. रिसीव्हर कानाला दाबून, डोळे मिटून नुसता उभा. पलीकडे वहिनींनी रिसीव्हर आरतीसमोर धरला होता. तुझं कार्ड संपलं तेव्हा तू बाहेर आलास, चेहरा पाहवत नव्हता. मी माझं कार्ड तुझ्या हातात दिलं आणि तू परत आत गेलास. साखरतरला अम्मीला माझा फोन त्या शुक्रवारी झाला नाही. पुढच्या शुक्रवारी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, चांगलं केलंस.

तर असा फोन घरात आला आणि पहिल्याच शुक्रवारी मी तुला लावला. तू उचललास. मी म्हटलं, "गुणाजी, ओळख कोण?" तू म्हणालास, "हो, हो, बरं आहे सगळं." मी विचारलं, हापूस यंदा कसा धरलाय? तू म्हणालास, "स्वप्नाली रत्नागिरीलाच आहे, येते रविवारी." मी पुन्हा आंबा म्हटलं, जरा मोठ्याने. तू म्हणालास, "बरं, ठेवू का मग?" आणि ठेवलासही. मी रिसीव्हर हातात धरून बसून राहिलो. वाटलं, घरात पाहुणे असतील.

दुसऱ्या शुक्रवारी वहिनींनी उचलला. त्या छान बोलल्या, मासूमाच्या गुडघ्याची चौकशी केली, एरंडेल लावायला सांगितलं. तुला द्या म्हटलं तर म्हणाल्या, ते वाडीत गेलेत. पण मागे तुझ्या खोकल्याचा आवाज आला, गुणाजी. तो खोकला मी एका खोलीत इतकी वर्षं ऐकलाय, मला तो चुकायचा नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. मग विचार आला की तुला माझ्या बिलाची काळजी वाटत असेल, तू आहेसच तसा. म्हणून पुढच्या खेपेला तू उचलल्या उचलल्या मी सांगितलं की पॅकेज घेतलंय, इंडियाची मिनिटं फुकट आहेत, तासभर बोल. तू म्हणालास, "हो, पाऊस चांगला झाला." तेव्हा तर एप्रिल चालू होता. मी काहीतरी बोलत राहिलो, तू हो हो म्हणत राहिलास, आणि मग नेहमीसारखा फोन तूच आधी ठेवलास.

मी फार विचार केला त्यावर. माणूस गावी गेला की बदलतो, असं कॅम्पमध्ये लोक म्हणायचे. आखातातल्या दोस्त्या आखातातच राहतात. मला ते कधी पटलं नव्हतं. आपण एका खोलीत जेवलो, माझ्या रोजात तू माझ्यासमोर पाणी प्यायला नाहीस, तुझ्या एकादशीला मी तुझ्यासाठी खजूर राखून ठेवले. मी मासूमाला म्हटलं, गुणाजीला आता माझ्याशी बोलायला आवडत नाही. ती इस्त्री करत होती. म्हणाली, "मी ऐकते ना इथून. तुम्ही तुमचं बोलता, ते त्यांचं बोलतात. एकमेकांना ऐकता तरी का?" मी चिडलो. म्हटलं, तुला काय कळतंय. तिने इस्त्री बाजूला ठेवली, माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि कपडे आत घेऊन गेली.

मग स्वप्नालीचा मेसेज आला. तिच्यावर रागावू नकोस, आधी हे वचन दे. पोरीने फार घाबरत लिहिलं होतं. "फकरूचाचा, बाबा तुमच्यावर नाराज नाहीत. तुमचा फोन येणार म्हणून शुक्रवारी सकाळीच अंघोळ करून बसतात. पण त्यांना ऐकू येत नाही. समोर बसून बोललं तर तोंडाकडे बघून समजून घेतात, फोनवर काहीच कळत नाही. मग अंदाजाने बोलतात. तुम्हाला सांगू नको म्हणालेत. तुम्हाला तर मुळीच नको." तिने आणखीही लिहिलं. तू भजनाला जायचं सोडलंस, एकदा वाजवताना तुझा पखवाज पुढे गेला आणि कोणीतरी हसलं म्हणून. दुकानात तू आता चिठ्ठी घेऊन जातोस. तिने तपासायला चल म्हटलं तर तू म्हणालास, माझं वय झालंय, कानाचं काय घेऊन बसलीस.

गुणाजी, मी तो मेसेज कामावर वाचला, कॉम्प्रेसर हाऊसच्या बाहेर. आतली सगळी यंत्रं गरजत होती. तू ज्या मशीनजवळ उभा राहायचास ते अजून तिथेच आहे, फक्त नवीन रंग दिलाय. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवून मूठ कानाला लावून आतला आवाज ऐकायचास आणि त्यासाठी कानावरचा इअरमफ एका बाजूने वर सरकवायचास. सेफ्टीवाला ओरडायचा, तू हसायचास. मीही तुझं बघून तेच करायला लागलो. "रडतोय रे हा," असं तू बेअरिंगबद्दल म्हणायचास, जसं पाळण्यातल्या मुलाबद्दल म्हणावं. मग आपण दोघं जेवणाच्या सुट्टीत बाहेर आलो तरी तासभर ओरडून बोलायचो, आणि मेसमधली मंडळी समजायची आपलं भांडण चाललंय. आवाज असा इतकी वर्षं आपल्या आत साचत असतो, हे तेव्हा कोणाच्या मनात आलं?

मला राग आला, पण तुझा नाही. तू लाजलास याचा आला. माझ्यासमोर लाजलास याचा जास्त. पण राग धरून काय करणार? मी स्वप्नालीला विचारलं, रत्नागिरीत कानाची तपासणी कुठे होते. तिने एका सेंटरचं नाव कळवलं, बसस्टँडजवळच आहे म्हणे, बरेच लोक चांगलं सांगतात. तिला म्हटलं, तू काही करू नकोस, बाबा तुझ्यावर चिडतील. चिडायचं तर माझ्यावर चिडू देत, मी समुद्रापलीकडे आहे.

सेंटरचा नंबर इंटरनेटवर मिळाला. १८०० ने सुरू होणारा. म्हणजे तिकडचा फुकटवाला. मी खूश, म्हटलं नेवऱ्याच्या माणसाचं काम आणि तेही फुकटात. रिसीव्हर उचलला, इंडियाचा आकडा लावून तो नंबर फिरवला. एक बाई अरबीत काहीतरी बोलली आणि टूं टूं. पुढे शून्य लावून बघितलं, शून्य काढून बघितलं. मोबाईलवरून बघितलं. शेवटी दुकानात जाऊन त्या हैदराबादी पोरालाच विचारलं. तो म्हणाला, "चाचा, इंडिया का टोल फ्री इंडिया में ही लगता है. बाहर से लगेगा ही नहीं." मी म्हटलं, माझ्या पॅकेजात इंडियाची एवढी मिनिटं पडून आहेत. तो म्हणाला, पैसे देतो म्हटलंत तरी लागणार नाही, तो नंबर बाहेरच्यांसाठी नसतोच. बघ गंमत. ज्यांना फुकट हवंय त्यांना फुकट, आणि जो पैसे मोजायला तयार आहे त्याला दार बंद. इतकी वर्षं इथे राहून मी आपल्या देशाच्या फुकटातूनही बाहेर गेलो, असं वाटून गेलं जरा.

घरी येऊन सांगितलं तर मासूमा म्हणाली, "त्याच्यामागे साधा फोन असेल. शोधा." म्हणून स्वप्नालीलाच पुन्हा त्रास दिला. ती कामावरून सुटल्यावर त्या सेंटरसमोरून गेली आणि पाटीचा फोटो काढून पाठवला. वर भलामोठा १८००, आणि खाली कोपऱ्यात, रंग उडालेला, आपला ०२३५२. रत्नागिरीचा. तो आकडा बघून मला काय वाटलं ते दुसऱ्या कुणाला सांगून कळेल की नाही, पण तुला कळेल. लगेच लागला. एका मुलीने उचलला, ममता नाव तिचं, तीच कान तपासते.

तिला मी तुझं सगळं सांगितलं. कॉम्प्रेसर, इअरमफ, भजन, फोन. ती ऐकून घेणारी निघाली. म्हणाली, आवाजात काम केलेल्यांचं असं होतं, यात लाजण्यासारखं काही नाही, आमच्याकडे बोटीवरच्या इंजिनाजवळ काम केलेले खलाशी तर नेहमी येतात. गेलेलं ऐकू येणं परत मिळत नाही, ते तिने स्पष्ट सांगितलं. पण यंत्र नीट बसवलं, थोडे दिवस सवय केली, की समोरच्याचं बोलणं कळतं, पुष्कळांना फोनही जमतो. पखवाजाचं मी मुद्दाम विचारलं. ती म्हणाली, "खात्री नाही देत, काका, पण प्रयत्न करू." मला तिचं हे खात्री न देणं आवडलं. काही विकायला बसलेली नव्हती.

आता जे लिहिणार आहे, त्यासाठी हे सगळं पत्र लिहायला घेतलं. तुझं सगळं सांगून झाल्यावर ममताने मला काहीतरी विचारलं. मी म्हटलं, "हो, हो, चालेल." ती फार हळुवारपणे, पण एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "काका, मी तिसऱ्यांदा विचारतेय. तुम्हीही त्यांच्याबरोबर तिथेच कामाला होतात का?" मी तसाच फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन मासूमाला सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. तिला वर्षभरापासून माहीत आहे, लाइबालाही. टीव्हीचा आवाज मी वाढवतो म्हणून पोर खोलीचं दार लावून अभ्यास करते, आणि मी समजत होतो की मुलगी मोठी झाली, म्हणून दार लावते. मला वाटायचं लोकच हल्ली पुटपुटतात. म्हणजे त्या दोन्ही शुक्रवारी तू अंदाजाने बोलत होतास आणि मीही निम्मं अंदाजानेच ऐकत होतो, आणि फुकटची मिनिटं आपण दोघांनी मिळून अशी घालवली. मी दुसऱ्या दिवशी ममताला परत फोन लावला आणि वेळ घेतली. बकरी ईद झाली की मी सुट्टीवर येतोय, एकटाच, लाइबाची शाळा आहे. एकाच सकाळी दोन नावं लावलीत, आधी माझं, मागोमाग तुझं. हे मी तुझ्यावर उपकार म्हणून करत नाहीये, गुणाजी. तपासणीच्या त्या बंद खोलीत बसायचं, कानाला हेडफोन लावायचे, आणि आवाज आला की बोट वर करायचं म्हणे. आला नाही तर? मला एकट्याने जायची भीती वाटते. मासूमा येते म्हणाली होती, मी नको म्हटलं, तिच्यासमोर मला अवघड होईल. तुझ्यासमोर होणार नाही. तू बाहेर बाकावर बसलास तरी पुरे आहे, तपासायचं की नाही ते तिथे आल्यावर ठरव. येशील ना? उत्तर द्यायला फोन मात्र करू नकोस, आपल्याला दोघांनाही कळणार नाही. स्वप्नालीला सांग, ती लिहून पाठवेल.

वहिनींना नमस्कार, पोरीला आशीर्वाद.

तुझाच,
फकरू
(फकरुद्दीन, साखरतरवाला)